डब्यात काय आहे, ते आम्हाला सांगा

(बारामती व इंदापूर तालुक्यांतील बचत गटांच्या बारामती येथील बैठकीत केलेले भाषण)



मागच्या महिन्यात मी इंदापूर तालुक्यातल्या एका गटाकडे गेले होते. अगरबत्तीचं काम चालू होतं. पत्र्याची एकच खोली, दार अर्धं लोटलेलं. चार जणी कोऱ्या काड्यांच्या जुड्या वासाच्या पाण्यात बुडवत होत्या. हात उघडे. त्यातली एक पाच महिन्यांची गरोदर. मी विचारलं, "या डब्यात काय आहे?" ती म्हणाली, "सेंट आणि डीईपी." "डीईपी म्हणजे काय?" "सेंट पातळ करायचं तेल, ताई."

ते तेल नाही. त्याचं पूर्ण नाव डायइथाइल थॅलेट. सुगंध पातळ करायला आणि तो लवकर उडून जाऊ नये म्हणून ते वापरतात. थॅलेट हा रसायनांचा एक मोठा गट आहे. त्यातली डीबीपी, डीईएचपी ही रसायनं शरीरातल्या हार्मोन्सच्या कामात ढवळाढवळ करतात. हार्मोन्स म्हणजे शरीरातले निरोप्ये. पाळी कधी यावी, गर्भ कसा वाढावा, हे निरोप तेच पोचवतात. निरोपात घोटाळा झाला तर सगळ्यात जास्त धोका पोटातल्या बाळाला, कारण त्याचे अवयव तेव्हाच घडत असतात. डीईपीविरुद्धचा पुरावा या दोघांइतका भक्कम नाही, हेही सांगते. तुम्हाला घाबरवायला मी आलेले नाही. पण दिवसभर त्यात हात बुडवणाऱ्या बाईला त्याचं नावसुद्धा कुणी सांगू नये, हे मला मान्य नाही.

आता आपल्या घरात या. पावडर, क्रीम, शांपू, कपड्यांचं पावडर, फिनेल. कुठलाही डबा फिरवून वाचा. घटकांच्या यादीत बहुधा एकच शब्द असतो: 'परफ्यूम' किंवा 'फ्रेग्रन्स'. त्या एका शब्दामागे पाच-पन्नास रसायनं असू शकतात. युरोपात २००५ पासून अ‍ॅलर्जी आणणारी २६ सुगंधी द्रव्यं डब्यावर नावानिशी छापावी लागतात. २०२३ मध्ये ही यादी ८० च्या वर नेली. लिलिअल नावाच्या सुगंधी द्रव्याने प्रजननाला धोका असल्याचं दिसल्यावर १ मार्च २०२२ पासून तिथे सौंदर्यप्रसाधनांत त्यावर बंदी आली. तिथल्या बाईचं शरीर वेगळं आणि आपलं वेगळं, असं आहे का?

सॅनिटरी पॅडचंच बघा. दिल्लीच्या 'टॉक्सिक्स लिंक' संस्थेने २०२२ मध्ये बाजारातली दहा पॅड तपासली. दहाही पॅडमध्ये थॅलेट सापडली. आधी आपल्याला सांगायचं की पाळीचा वास लाजिरवाणा, मग तो झाकायला सुगंधी पॅड विकायचं. लाजेचाही धंदा होतो, बायांनो.

एक दिलासा देते. ही रसायनं शरीरात साठून राहत नाहीत, एक-दोन दिवसांत लघवीवाटे जातात. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास या शेतमजुरांच्या भागात १०० मुलींनी फक्त तीन दिवस आपली प्रसाधनं बदलली. लघवीतलं डीईपीचं प्रमाण सुमारे २७ टक्क्यांनी घटलं. तो अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला.

म्हणून जे हातात आहे ते करू. बिनवासाचा साबण, बिनवासाचं पॅड, नाहीतर उन्हात खडखडीत वाळवलेलं सुती कापड. बाळाला वासाची पावडर नको. फरशीला साबणाचं पाणी किंवा धुण्याचा सोडा पुरतो. केसांना रिठा-शिकेकाई. बाजारचं 'नैसर्गिक' उटणंही वाचून घ्या, त्यातही सेंट असतं. अगरबत्ती बुडवायचं काम उघड्यावर, हातमोजे घालून करा, आणि गरोदर बाईला त्या कामावर बसवू नका. तिला मोजायचं, पाकिटं भरायचं काम द्या, पण तिची मजुरी कापू नका.

मात्र हे सगळं पुन्हा बाईच्याच डोक्यावर टाकून थांबायचं का? घर नीट ठेवलं नाहीस, डबा वाचला नाहीस, म्हणून तूच दोषी? ऊसतोडीला जाणारी आमची बहीण दुकानात जे स्वस्त मिळेल तेच घेणार. त्यामुळे जबाबदारी आधी बनवणाऱ्याची, आणि कायदा करणाऱ्याची.

त्या दिवशी गटातल्या एका मावशींनी विचारलं, "वास नसला तर आमचा माल कोण घेईल?" प्रश्न खरा आहे, पोटाचा आहे. मी त्यांना काम बंद करा म्हटलं नाही. आम्ही मिळून ठरवलं की पुढच्या खेपेला सेंट देणाऱ्या व्यापाऱ्याकडे गटाच्या नावाने लेखी मागायचं: डब्यात काय काय आहे, ते लिहून द्या. एका गटाला तो उडवून लावेल. इथे बसलेल्या सगळ्या गटांनी एकाच आठवड्यात तेच पत्र दिलं तर? पत्राचा मसुदा मी आणला आहे. जेवणानंतर वाचू, दुरुस्त करू आणि सह्या करू.