आत्यालाही विचारात घ्या

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेल्या सिस्टर आणि ब्रदर मंडळी,

रात्रपाळी उरकून थेट एसटीत बसलेल्या काहीजणी समोर दिसताहेत. चहा मागे ठेवलाय, माझं भाषण चालू असताना घेतला तरी चालेल.

रुग्णसेवा आपल्या भागाला नवी नाही. डॉ. विल्यम वानलेस यांचा मिरजेतला दवाखाना १८९४ चा. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना गेलेल्या सावित्रीबाई फुले या नायगावच्या, म्हणजे सातारा जिल्ह्याच्याच लेक. आज कॅन्सरवर उपचार कराड-मिरजेतही होतात. पण पेशंटच्या बहिणीचं, मुलीचं काय, हे डिस्चार्जच्या कागदावर सहसा नसतं.

स्तनाच्या कॅन्सरपैकी साधारण ५ ते १० टक्केच आनुवंशिक असतात. मात्र आई किंवा वडील यांच्यापैकी एकाच्या बीआरसीए या, स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरशी संबंध असलेल्या जनुकात दोष असेल, तर तो प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते, मग मुलगा असो वा मुलगी. आपले कुलवृत्तांत मुलग्यांचे. लेक सासरी गेली की तिची फांदी तिथेच थांबते. पेशंटच्या वंशावळीची आकृती काढताना आपल्याला नेमकी तीच हवी आहे: आत्या, आत्याच्या मुली. त्यात मामाची मुलगी करायची आपल्याकडची चाल. तिथे नवरा-बायकोमध्ये दुहेरी रेघ ओढायला विसरू नका.

माहिती काही फॉर्मच्या भाषेत येत नाही. ‘आजीच्या पोटात पाणी झालं होतं.’ कधी? ‘कोयनेच्या भूकंपाच्या साली. धाकटा पाळण्यात होता.’ मुरलेली सिस्टर यावरून १९६७ साल लिहिते, आजी तेव्हा फार तर चाळिशीची असणार हे ताडते, अंडाशयाच्या कॅन्सरची शंका प्रश्नचिन्हासह नोंदवते आणि घरात जुने कागद आहेत का, ते विचारते. लग्न ठरलेल्या मुलीशी बोलायचं असेल तर सोबतच्या मंडळींना आधी गोडीनं बाहेर चहाला पाठवते. रिपोर्टात बदल सापडला, पण त्याचा अर्थ अजून निश्चित नाही, असं असेल तर तो ‘पॉझिटिव्ह’ म्हणून सांगत नाही. एवढ्यावरून कुणी ऑपरेशनला तयार झालं तर तिला थांबवते, आणि जनुकतज्ज्ञाकडे पाठवते.

हे स्लाइड बघून येत नाही. जाणत्या माणसाच्या शेजारी खुर्ची टाकून बसावं लागतं, मग त्याला शेजारी बसवून आपण बोलावं लागतं, आणि पुढेही अडलं की फोन करायला कुणीतरी लागतं. दोन दिवसांच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र भिंतीवर छान दिसतं, एवढंच त्याबद्दल माझं मत आहे.

आता एक गाऱ्हाणं. शिकून तयार झालेल्या सिस्टरची पुढच्याच रोटेशनमध्ये आयसीयूत बदली होते. आठवड्यातली एक दुपार तरी तिला या कामासाठी मोकळी मिळावी. दोन्ही जिल्ह्यांतल्या मेट्रन मॅडम पहिल्याच रांगेत बसल्या आहेत. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना या विषयावर गाठणार आहे; तुम्हीही या.