मांजराची पिल्ले आणि आठ आठवड्यांचा सांभाळ



संयोजकांनी आम्हाला थोडाच वेळ दिला आहे आणि विषय दिला आहे मांजराचा. काहींना हसू येईल. पण उन्हाळा लागला की आपल्या मार्केट यार्डात काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. भुसार बाजारात धान्य, धान्यामागे उंदीर, उंदरामागे मांजर. हमालाने थप्पीचं शेवटचं पोतं उचललं की मागे चार पिल्लं वळवळत असतात. मग कुणीतरी ती खोक्यात घालून वस्तीत आणतं, बहुतेक वेळा आपली पोरंच. पोरं मायेने गाईचं दूध पाजतात आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी खोकं रिकामं होतं. आम्ही, म्हणजे आपल्या गल्लीतली पाच घरं, गेली काही वर्षं अशी पिल्लं सांभाळतो. जनावरांच्या डॉक्टरांनी शिकवलं आणि रात्री जागून जे कळलं, तेवढंच सांगायला उभे आहोत.

पिल्लू दिसलं की लगेच उचलू नका. आपल्याकडे म्हणतात, मांजर पिल्लांना सात घरं फिरवते. सात कुणी मोजली नाहीत, पण ती जागा बदलते हे खरं. एकेक पिल्लू तोंडात धरून नेते, तोवर मागे राहिलेलं अनाथ वाटतं. माणसांची वर्दळ असली तर ती जवळही येत नाही. म्हणून लांब उभं राहून बघा. पिल्लं उबदार, स्वच्छ, पोट भरून झोपलेली असली तर आई आसपास आहे असं समजा. अंग गार, पोट खपाटीला, सारखं ओरडणं चाललेलं, असं असेल तर मात्र हात घाला. ट्रकच्या चाकाजवळ असली तर तिथेच जवळच्या आडोशाला सरकवा आणि काही तास वाट बघा. माणसाचा हात लागला की मांजरी पिल्लू टाकते असं म्हणतात, त्याची धास्ती बाळगू नका.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. जुन्नरकडे ऊसतोडणीत बिबट्याचे बछडे सापडतात. वनखात्याचे लोक आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातले डॉक्टर त्यांना तपासतात आणि अंधार पडायच्या सुमारास, सापडले त्याच शेतात खोक्यात ठेवतात. रात्री मादी येते आणि घेऊन जाते. वाघाटी नावाची दीड किलोच्या आतबाहेरची इवलीशी रानमांजर असते, तिची पिल्लंही अशीच आईकडे पोचवली आहेत. उसात बिबट्याची आई परत येते, तर गाळ्यातल्या मनीला थोडा वेळ द्यायला काय हरकत आहे?

आता आई खरोखरच नसली तर. सगळ्यांत आधी ऊब, दूध नंतर. हे उलटं करू नका. दोन-तीन आठवड्यांपर्यंत पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, आणि गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. सफरचंदाचं खोकं घ्या, आपल्याकडे त्याला तोटा नाही. त्यात जुनं लुगडं अंथरा, बाटलीत गरम पाणी भरून फडक्यात गुंडाळून एका कडेला ठेवा. दुसरी कड मोकळी राहू द्या, म्हणजे उकडलं तर पिल्लू सरकेल.

गाईच्या-म्हशीच्या दुधाने पिल्लाला जुलाब होतात, आणि शंभर ग्रॅमच्या जिवाला जुलाब म्हणजे संपलंच. मांजराच्या पिल्लांसाठी वेगळी दूध पावडर मिळते. महाग पडते, म्हणून आम्ही पाच घरांत एक डबा आणतो. पाजायचं ते पोटावर पालथं ठेवून, आई पाजते तसं. माणसाच्या बाळासारखं उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जातं. बिनसुईच्या सिरिंजने थेंब-थेंब द्या, दाबून सोडू नका. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. आणि दर वेळी पाजल्यावर ओल्या कोमट कापसाने शेपटीखाली हलकेच पुसायचं, कारण साधारण तीन आठवडे पिल्लाला आपणहून शी-शू होत नाही. आई जिभेने करते ते काम हे. पुष्कळांना हेच माहीत नसतं.

रात्री उठतं कोण, असं बायांनी विचारलं. बरोबर विचारलं. पहिल्या वर्षी सगळं बायांच्याच गळ्यात पडलं होतं. आता पाळ्या लावल्यात, त्यात बाप्येही आहेत. यार्डात पहाटे कामाला जाणारे शेवटचं पाजून निघतात.

रोज वजन करा. तराजू आपल्या पाचवीला पुजलेला, फक्त ग्रॅम दाखवणारा हवा. जन्मतः पिल्लू शंभर ग्रॅमच्या आसपास असतं, रोज दहा-पंधरा ग्रॅम वाढायला हवं. वाढ थांबली तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टरकडे जा. तापासाठी घरातली पॅरासिटामॉल कधीच देऊ नका, मांजराला ती विष आहे.

इतकं करूनही पिल्लं जातात. मागे एका खेपेला पाचातली दोनच राहिली. गल्लीतल्या एका पोरीने दोन दिवस नीट जेवण केलं नाही. तिला आम्ही खोटं काही सांगितलं नाही. आईचं पहिलं दूध मिळालं नसलं की अंगात रोगाशी लढायची ताकद कमी असते, हे डॉक्टरांनीच तिला समजावून सांगितलं. पुढच्या खेपेला वजनाची वही तिनेच घेतली, अजून तिच्याकडेच आहे.

चौथ्या आठवड्यापासून पातळ खाणं, आठव्याला पहिली लस. मग पिल्लू द्यायचं. इथेच घरोघर रडारड होते. पण दहा बाय बाराच्या खोलीत सगळी ठेवून घेतली तर पुढचं खोकं आल्यावर त्याला जागा कुठली? देताना आम्ही घर बघतो, आणि पाच-सहा महिन्यांच्या आत नसबंदी करायचं कबूल करून घेतो. मादी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते आणि नऊ आठवड्यांत वितेसुद्धा. गाळ्यातल्या आईची नसबंदी झाली नाही तर आपण नुसती खोकी मोजत बसू.

काही सूचना राहिल्या. गरोदर बाईने मांजराची घाण उचलू नये. चावलं-ओरबाडलं तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. पिल्लाला गजकर्ण असलं तर पोरांना लगेच होतं. मांजर आडवं गेल्याने काम बिघडतं असं मानणारे आपल्यात आता फारसे उरले नसावेत, त्यावर वेळ घालवत नाही. पण पोत्यात घालून लांब सोडून येणारे अजून आहेत. जनावर उपाशी मरेल अशा जागी टाकणं हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे, हे त्यांना जरूर सांगा.

पुढचा हंगाम तोंडावर आला आहे. दोन घरं कमी पडताहेत. ज्यांना रात्रीची एक पाळी जमेल त्यांनी सभा संपल्यावर दाराशी नाव द्यावं. सफरचंदाची खोकी आम्ही आणून ठेवली आहेत. जयभीम.