सेंद्रिय रसायन आणि आपली भाषा



मी साहित्याचा अध्यापक. तरीही आज सेंद्रिय रसायनशास्त्राविषयी बोलणार आहे. कारण पदवीच्या वर्गात या विषयाची जी धास्ती दिसते, तिचे एक मूळ भाषेत आहे.

'सेंद्रिय' हाच शब्द घ्या. स-इंद्रिय, म्हणजे इंद्रिये असलेले, सजीव. अशी द्रव्ये सजीवांच्या शरीरात, जीवनशक्तीच्या योगानेच तयार होतात, अशी एके काळी समजूत होती. १८२८ साली फ्रीडरिख व्होलर या जर्मन रसायनज्ञाने प्रयोगशाळेत अमोनियम सायनेटपासून युरिया मिळवला आणि त्या समजुतीला तडा गेला. म्हणजे रसायनशास्त्रात युरिया सेंद्रिय. बाजारात मात्र 'सेंद्रिय' गूळ तो, ज्याच्या उसाला युरिया घातलेला नाही! विद्यार्थ्याच्या मनात हे दोन अर्थ एकमेकांवर आदळतात आणि ती गाठ कुणी सोडवत नाही. 'कार्बनी' हा पर्याय म्हणूनच मला अधिक नेमका वाटतो.

सीमाभागातील आपली अनेक मुले दहावीपर्यंत मराठीत शिकतात आणि पुढे एकदम इंग्रजी ग्रंथांपुढे बसतात. अभिक्रिया पाठ होते, कारण सांगता येत नाही. वास्तविक अभिक्रियेतला वक्र बाण हे क्रियापदच आहे: इलेक्ट्रॉनांची जोडी कुठून निघाली, कुठे गेली, हे तो सांगतो. 'जिथे इलेक्ट्रॉन अधिक, तिथून जिथे उणे तिकडे,' हे स्वतःच्या शब्दांत म्हणता आले की बरेचसे पाठांतर गळून पडते.

संशोधनासाठीही दूर जायला नको. बाळंतशेपाच्या आणि स्पिअरमिंट पुदिन्याच्या तेलात कार्व्होन हे एकच संयुग असते. पण दोहोंतले रेणू एकमेकांची आरशातली प्रतिबिंबे. म्हणून वास निराळे. वाफेच्या साहाय्याने तेल काढावे, पोलरिमीटरमध्ये तपासावे: एक प्रकाश उजवीकडे वळवते, दुसरे डावीकडे. डावा-उजवा हात जाणणाऱ्या कुणालाही हे मराठीत समजावता येईल. ज्याला समजावता येते, त्यालाच पुढचा प्रश्न सुचतो. आणि संशोधन तिथूनच सुरू होते.

परीक्षेची इंग्रजी उत्तमच हवी. ती टाळा, असे मी म्हणत नाही. माझी विनंती एवढीच: प्रत्येक प्रयोगानंतर वहीत एक पान मराठीत लिहा. काय केले, काय दिसले, तसे का घडले. अशी निवडक पाने अकादमीने या वार्षिकात छापावीत. परिभाषा समित्या शब्द घडवतात. पण ते रुळतात अशा पानांवरच.