‘लायब्ररी सापडत नाही’ म्हणजे काय?
(वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



संगणकशिक्षणाविषयी चार शब्द बोलावेत असे मला सांगण्यात आले. संगणकाचे महत्त्व आणि त्याचे उज्ज्वल भवितव्य यांविषयी आपण पुष्कळ ऐकले आहे. ते मी पुन्हा सांगत नाही. मी एका फार लहान अडचणीविषयी बोलणार आहे. लहान असली तरी तिच्यापाशी आपली हुशार मुले-मुली थांबतात, आणि काही कायमची थांबतात.

पदवीच्या किंवा डिप्लोमाच्या वर्गात डेटाबेस हा विषय येतो. पुस्तकातला भाग विद्यार्थ्याला समजतो. मग घरी, बहुधा कुणाकडून घेतलेल्या जुन्या संगणकावर लिनक्स घालून, तो मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेस बसवायला घेतो. दोन्ही विनामूल्य मिळतात, ही मोठीच सोय. आज्ञा दिली की पडद्यावर इंग्रजी ओळ उमटते: ‘एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज’, तिच्यापुढे ‘लिबएआयओ डॉट एसओ डॉट १’ असे विचित्र नाव, आणि शेवटी ‘नो सच फाइल’. ‘एरर’ हा शब्द दिसला की आमच्या विद्यार्थ्याचे अवसान गळते. मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेला मुलगा समजतो की आपले इंग्रजी कच्चे आहे, हे काम आपले नव्हे. वस्तुतः त्या ओळीत त्याच्या बुद्धीविषयी एक अक्षरही नाही. एका वस्तूचे नाव दिले आहे, आणि ती वस्तू या यंत्रावर मिळाली नाही, एवढेच सांगितले आहे.

ही ‘शेअर्ड लायब्ररी’ म्हणजे काय? आपल्याकडे बऱ्याच मोहल्ल्यांत लग्नकार्याच्या देगा, मोठी भांडी आणि सतरंज्या जमातीकडे सामाईक असतात. ज्याच्या घरी कार्य असेल तो घेऊन जातो. प्रत्येक घर स्वतःची देग विकत घेत नाही. संगणकातही तसेच आहे. अनेक कार्यक्रमांना लागणारे काम एका सामाईक फाइलीत लिहून ठेवतात आणि ज्याला गरज असेल तो ती वापरतो. लिबएआयओ ही अशीच एक देग. डेटाबेसला तबकडीवर सतत लिहावे-वाचावे लागते. एक काम तबकडीकडे सोपवले आणि ते पुरे होईपर्यंत हात बांधून न बसता पुढचे काम हाती घेतले, अशी व्यवस्था ती लिनक्सवर करून देते. मायएसक्यूएलला ती हवी असते. नसेल तर सर्व्हर सुरूच होत नाही.

मग ती आपोआप का येत नाही? येते, पण योग्य दाराने गेले तर. डेबियन आणि उबुंटू यांच्या भांडारातील प्रत्येक पॅकेजबरोबर त्याला आणखी काय काय लागते याची यादी असते. ‘ॲप्ट’ ही आज्ञा ती यादी वाचून सर्व काही आणते. ‘डीपीकेजी’ ही तिच्याखालची आज्ञा मात्र हातात दिलेली एकच फाइल उघडते, आणि बाकीचे नसेल तर तक्रार करून थांबते. अशा वेळी ‘ॲप्ट-गेट’ला ‘-एफ इन्स्टॉल’ असे सांगितले की राहिलेले सामान भांडारातून येते. आणि कंपनीच्या संकेतस्थळावरून नुसते गाठोडे उतरवून सोडले, तर त्याच्याबरोबर यादीच नसते. तेथे सर्व तुम्हालाच पाहावे लागते. कोणत्या फाइली मिळत नाहीत हे ‘एलडीडी’ ही आज्ञा सांगते. तिच्या उत्तरात ‘नॉट फाउंड’ जेथे असेल तेवढ्याच ओळी वाचाव्यात.

कधी कधी वस्तू असते, पण नाव बदललेले असते. एप्रिल २०२४ मध्ये उबुंटूची २४.०४ ही आवृत्ती आली. तिच्यात लिबएआयओ१ या पॅकेजचे नाव लिबएआयओ१टी६४ झाले आणि आतल्या फाइलीचेही नाव तसेच बदलले. याचे कारण मनोरंजक आहे. जुन्या ३२ बिटांच्या यंत्रणेत वेळ १ जानेवारी १९७० पासून सेकंदांत मोजतात, आणि ती मोजणी १९ जानेवारी २०३८ रोजी संपते. त्यावर उपाय म्हणून डेबियनने अनेक लायब्ऱ्या नव्या मोजणीनुसार बांधल्या आणि नावांना शेपूट जोडले. म्हणजे १४ वर्षांनंतरच्या एका तारखेची तरतूद केली, आणि आपल्या विद्यार्थ्याचा मायएसक्यूएल आज अडला! नेहमीच्या ६४ बिटांच्या यंत्रावर जुन्या नावाची खूण नव्या फाइलीकडे वळवून काम चालते. तरी माझा सल्ला असा की शिकणाऱ्याने उबुंटूच्याच भांडारातला मायएसक्यूएल घ्यावा. तो नव्या नावासाठीच बांधलेला असतो. कोठल्या तरी अनोळखी ठिकाणाहून एकटी फाइल उतरवून यंत्रात टाकणे मात्र सर्वस्वी टाळावे. भांडारातील पॅकेजे सही तपासून घेतली जातात, त्या फाइलीची हमी कोण देणार?

पोस्टग्रेसची गोष्ट याहून बोधप्रद आहे. मूळ कोडवरून तो बांधायला घेतला की ‘रीडलाइन लायब्ररी नॉट फाउंड’ असे उत्तर बऱ्याच जणांना मिळते. विद्यार्थी पाहतो तर रीडलाइन यंत्रावर आहे! तो चक्रावतो. येथे समजून घ्यायचे ते हे की तयार कार्यक्रम चालवायला लागणारी लायब्ररी वेगळी, आणि तिच्या आधारे नवा कार्यक्रम बांधायला लागणाऱ्या फाइली वेगळ्या. त्या दुसऱ्या फाइलींचे पॅकेज निराळे असते. उबुंटूत त्याच्या नावामागे ‘डेव्ह’, आणि रेड हॅटच्या कुळात ‘डेव्हल’ असते. जेवायला ताट पुरते, रांधायला चूल लागते.

पोस्टग्रेसचा तोच संदेश पुढे म्हणतो की रीडलाइन नको असेल तर ‘विदाउट-रीडलाइन’ असे सांगा. ही पळवाट घ्यावी काय? येथे विचार करावा. रीडलाइनवाचून डेटाबेस शाबूत राहतो. फक्त पडद्यावर मागची आज्ञा परत आणण्याची आणि ओळ दुरुस्त करण्याची सोय जाते. गैरसोय होते, नुकसान नाही. परंतु २०२३ मध्ये आलेल्या १६ व्या आवृत्तीपासून आयसीयू ही लायब्ररीदेखील ठरावीक मागणीत धरली जाते, आणि तिलाही तसेच ‘विदाउट’ म्हणता येते. आयसीयू निरनिराळ्या भाषांचे वर्णक्रम जाणते. युनिकोडच्या क्रमांकांत ‘ळ’ हा ‘ल’च्या पाठोपाठ येतो, आपण मुलांना मुळाक्षरे शिकवतो तेव्हा तो ‘ह’च्या नंतर येतो. नुसत्या क्रमांकांवर शाळेची मराठी नावांची यादी लावली, तर ती मराठी शब्दकोशाच्या क्रमाने लागणार नाही. इंग्रजी नावांवर काम करणाऱ्याला याचा पत्ताही लागणार नाही. तुम्हाला मात्र लागेल. म्हणून ‘विदाउट’ लिहिण्यापूर्वी ती वस्तू काय करते हे एका वाक्यात वहीत लिहा. लिहिता येत नसेल तर ती वगळू नका.

ओरॅकलच्या मोठ्या डेटाबेसमध्ये बसवण्यापूर्वीच तपासणी होते, उणिवांची यादी येते, आणि बाजूस ‘इग्नोर ऑल’ अशी चौकट असते. त्या चौकटीवर खूण करण्याची सवय विद्यार्थिदशेतच लागते, आणि पुढे पगारपत्रके सांभाळणाऱ्या यंत्रावरही हात तसाच जातो. ओरॅकल लिनक्सवर लागणारे सर्व सामान एकदम आणणारे ‘प्रीइन्स्टॉल’ नावाचे पॅकेज कंपनीनेच दिले आहे. मग घाई कशाला?

आता पालकांना एक विनंती. मुलगी दोन तास एकाच काळ्या पडद्याकडे पाहत बसली आणि काही ‘झाले’ नाही, तर तो वेळ वाया गेला असे समजू नका. ‘बिघडवलास ना संगणक?’ असेही म्हणू नका. एक पॅकेज दुसरे मागते, दुसरे तिसरे मागते, आणि त्या साखळीच्या टोकापर्यंत ती जात असते. त्या रात्री घरातील एका मोबाइलचे इंटरनेट केबलने तिच्या संगणकाला जोडू द्या. मालिका उद्या पाहता येईल. पेनड्राइव्हवर प्रयोगशाळेतून पॅकेजे आणणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे: तेथील यंत्रावर जे आधीपासून आहे ते ॲप्ट पुन्हा उतरवत नाही. त्यामुळे घरी आल्यावर नेमके तेच कमी पडते. शिवाय दोन्हीकडे उबुंटूची आवृत्ती एकच हवी.

ज्यांच्या यंत्रावर असा संदेश आला असेल त्यांनी तो जसाच्या तसा, स्पेलिंग न बदलता, कागदावर उतरवून आणला असल्यास आता पुढे यावे. चहा होईपर्यंत आपण एकेक ओळ वाचू.