सावलीचं पाणी

आज मी कवितेविषयी बोलणार नाही. बोटाच्या एका पेराएवढे शिपाई आणि त्यांना झटपट रंगवायची एक युक्ती, एवढाच आजचा विषय.

माझे थोरले बंधू, आमचे भाईजान, कित्येक वर्षं इंग्लंडात नॉटिंगहॅमला राहतात. आपल्याला हे गाव रॉबिन हूडमुळे ठाऊक. पण टेबलावर लढाया मांडणाऱ्या हौशी मंडळींचं ते तीर्थक्षेत्र आहे, कारण १९८३ साली ‘वॉरहॅमर’ हा खेळ काढणाऱ्या गेम्स वर्कशॉप कंपनीचं मुख्य ठाणं तिथं आहे. नाद तसा जुनाच. एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ नावाच्या पुस्तकात खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम लिहिले होते. त्या काळचे शिपाई दुकानातून रंगूनच येत. आताचे येतात ते करड्या प्लास्टिकचे, हातपाय सुटे. जोडायचेही आपण आणि रंगवायचेही आपणच. एका सैन्यात पन्नास-साठ शिपाई सहज असतात. त्यामुळे घरोघरच्या कपाटांत करडे ढीग साचतात.

भाईजानांच्या कपाटातही होता. निवृत्तीनंतर हौसेनं घेतलेलं सैन्य, आणि अर्धं रंगवून होतंय तोच पक्षाघाताचा झटका. उजवा हात वाचला, पण बोटांना कंप राहिला. डोळ्यांत बाहुली काढणं, अंगरख्याच्या एकेका चुणीला तीन छटा देणं बंद पडलं. खेळाच्या मंडळात न रंगवलेले शिपाई टेबलावर मांडायला त्यांचं मन घेईना, म्हणून त्यांनी जाणंच सोडलं. फोनवर म्हणायचे, ‘काय करू, बसलोय.’ त्या ‘बसलोय’ची आम्हा घरच्यांना धास्ती वाटायची.

मंडळातल्याच एका तरुणानं त्यांना ‘वॉश’ची वाट दाखवली. वॉश म्हणजे रंगाचं पातळ पाणी. आधी शिपायाला पांढरट अस्तर द्यायचं. मग कातडीला कातडीचा, कापडाला कापडाचा, लोखंडाला लोखंडाचा असे सपाट रंग, छटाबिटा काही नाही. ते वाळले की वरून तपकिरी पाणी सढळ हातानं सोडायचं. पाणी उंचवट्यावरून ओघळतं आणि खाचांत, निऱ्यांत, बोटांच्या फटींत जाऊन बसतं. खोलगट भाग काळवंडतो, उठाव उजळ राहतो. एवढ्या लहान मूर्तीवर खऱ्या उजेडाची सावली पुरेशी पडत नाही, म्हणून ती अशी रंगानं पाडायची.

यात हात थरथरला तरी फारसं बिघडत नाही. कुंचल्यानं फक्त पाणी पोचवायचं, पुढचं काम मूर्तीच्या खाचाच करतात. भाईजान शिपाई औषधाच्या रिकाम्या बाटलीच्या बुचावर चिकटवतात आणि मनगट टेबलाला टेकवतात. पूर्वी एका शिपायाला तीन संध्याकाळी लागत. आता दहा शिपाई दोन बैठकांत उठतात.

पथ्यं थोडी आहेत, पण कडक. लाल, पिवळा, हिरवा, कातडी यांना तपकिरी पाणी मानवतं. लोखंडाला काळं. कातडीवर काळं टाकलं की शिपाई कोळशाच्या वखारीतून आल्यासारखा दिसतो. सपाट ढालीवर पाणी साचू द्यायचं नाही, ओलसर स्वच्छ कुंचल्याच्या टोकानं टिपून घ्यायचं. नाहीतर वाळल्यावर कडेनं गडद वळं उमटतं, सांडलेल्या कॉफीच्या डागासारखं. थेंबाची कड आधी वाळते, मधलं पाणी तिकडे धावतं आणि रंगाचे कण वाहून नेतं. शिकागोच्या शास्त्रज्ञांनी १९९७ साली याचा उलगडा ‘नेचर’मध्ये छापला होता. आणि अर्धवट वाळलेल्या जागी पुन्हा कुंचला लावायचा नाही, लावला की चट्टा पडलाच. अर्धा तास हात बांधून बसायचं. घाईच्या या कामात सगळ्यात अवघड भाग हाच.

आता या पाण्याचा मोठा बाजार आहे. डेन्मार्कच्या आर्मी पेंटर कंपनीनं तर गडद वॉर्निशचे डबेच काढले. शिपाई त्यात बुडवायचा आणि झटकायचा. २०१९ मध्ये गेम्स वर्कशॉपचे ‘कॉन्ट्रास्ट’ रंग आले. त्यांत मूळ रंग आणि सावली एकाच हातात बसते. तपकिरी वॉशच्या बाटलीला हौशी लोक थट्टेनं ‘लिक्विड टॅलेंट’ म्हणतात. आम्हा कवींसाठी अशी बाटली कुठं मिळत असेल तर जरूर कळवा.

जाणकार नाकं मुरडतात, ही पळवाट आहे म्हणतात. काचेच्या कपाटात ठेवून वीतभर अंतरावरून पाहायच्या मूर्तीपुरतं मला ते मान्य आहे. पण लढाईतले शिपाई दोन हातांवरून, आणि तेही चाळीस एकदम दिसतात. तिथं डोळ्यातली बाहुली कोण शोधतो?

साताऱ्याला आमच्या वाड्यात दिवाळीचा किल्ला व्हायचा. त्यावरचे मातीचे मावळे सपाट गुलाबी तोंडाचे, लांबून पेपरमिंटच्या गोळ्या वाटायचे. गेल्या वर्षी शेजारच्या मुलांच्या मावळ्यांवर मी हे तपकिरी पाणी सोडून पाहिलं. त्यांना आधी वॉर्निशचा हात द्यावा लागतो, नाहीतर खालचाच रंग सुटून येतो. तेवढं केल्यावर मावळ्यांना मिशा आहेत हे मुलांना प्रथमच दिसलं.

भाईजान आता दर गुरुवारी मंडळात जातात. मध्ये त्यांच्याकडे राहून आलो, तेव्हा अस्तर मारायचं काम माझ्याकडे होतं. परवा फोनवर तब्येत विचारली तर म्हणाले, ‘ते राहू दे. बारा घोडेस्वार उरलेत, घोड्यांना कुठलं पाणी घालू ते सांग.’