घड्याळ आपल्या मनगटावर हवं
(प्रभागसंघाच्या मासिक सभेतील भाषण)



तायांनो, आज विषय छोटा आहे: मनगटी घड्याळ. कोणी म्हणेल, मोबाईल असताना घड्याळ कायले पाहिजे? पण घरातला मोबाईल बहुतेक वेळा पोराच्या नाहीतर मालकाच्या खिशात असतो. आपण वावरात निंदायला जातो तेव्हा सुट्टी कधी झाली हे कोण सांगतं? ज्याच्याजवळ घड्याळ, तो. किती वाजता कामाला लागलो आणि किती वाजता सुटलो, हे आपल्यालाच माहीत असेल तर मजुरीचं बोलताना आवाज चढवावा लागत नाही.

सेवाग्राम आपल्याच जिल्ह्यात. गांधीजी १९३६ मध्ये तिथे राहायला आले. वस्तू मोजक्याच ठेवायचे, पण कमरेला घड्याळ असायचंच. म्हणजे साधं राहणाऱ्यालाही घड्याळ ही चैन नाही, कामाची वस्तू आहे.

आता घेताना काय पाहायचं?

१. आकडे मोठे आणि स्पष्ट हवेत. चष्म्याशिवाय वाचता आले पाहिजेत.

२. सेकंद काटा हवाच. लहान मूल आजारी असेल तर ते शांत असताना पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजा. २ महिने ते १ वर्षाच्या बाळाचे ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त भरले, तर न्यूमोनिया असू शकतो. लगेच आशाताईंना बोलवा, दवाखाना गाठा. बाळंतपणाच्या कळा किती मिनिटांनी येतात, हेही घड्याळावरच कळतं.

३. मागच्या झाकणावर ‘३० मीटर’ लिहिलेलं असलं तरी ते घड्याळ फक्त शिंतोडे सोसतं. धुणीभांडी करणाऱ्या हाताला ५० मीटरचं घ्या. तरी कपडे धुताना काढून ठेवलेलं बरं.

४. चामडी पट्टा घामाने लवकर खराब होतो. रबरी, नायलॉनचा किंवा स्टीलचा घ्या.

५. दुकानातून पक्कं बिल आणि शिक्का मारलेलं गॅरंटी कार्ड मागा. बाजारात मोठ्या कंपनीचं नाव छापलेलं नकली घड्याळ स्वस्तात मिळतं. बंद पडलं की दाद मागायला कोणी नसतं.

जुन्या एचएमटी जनताला रोज चावी द्यावी लागे. आताची घड्याळं सेलवर चालतात, साधारण दोन-तीन वर्षं. बंद पडलेलं घड्याळ सेलसकट पेटीत टाकू नका. सेल पाझरला की मशीन खराब होतं. सेल बदलताना झाकणाखालचं रबराचं कडं नीट बसलं का, तेही पाहा. ते निसटलं तर पाणी आत जातं.

हजार रुपयांच्या आसपास चांगलं, टिकाऊ घड्याळ मिळतं. त्यासाठी गटातून कर्ज उचलू नका. दर आठवड्याला २० रुपये वेगळे ठेवले, तर ५२ आठवड्यांत १,०४० रुपये होतात. भिशीसारखं चार-पाच जणींनी मिळूनही करता येईल.

आपल्या पंचसूत्रीत पहिलं सूत्र नियमित बैठक. तीनची बैठक तीनलाच सुरू झाली, तर पाचची एसटी चुकत नाही आणि घरी बोलणीही बसत नाहीत. पोरीला दहावीला घड्याळ घेऊन देतो, तसं एक स्वतःलाही घ्या. आपला वेळ आपणच मोजू.