पहिले चोवीस तास

(उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर येथे तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी इथे अदालत रोडवर वकिली करतो. आज कायद्याचं अख्खं पुस्तक उघडणार नाही. एकाच दिवसाबद्दल बोलणार आहे. पोलीस घरातल्या एखाद्या माणसाला घेऊन जातात, तिथपासूनचे पहिले चोवीस तास.

या चोवीस तासांत आत असलेल्या माणसाच्या हातात फारसं काही नसतं. मोबाइल काढून घेतलेला असतो, डोकं चालत नाही. हक्क त्याचे असतात, पण ते मागायचे बाहेरच्यांनी. आणि बाहेर कोण असतं? अम्मी रडत असते, अब्बा सुन्न झालेले असतात, मामू नगरसेवकाला फोन लावत असतात. मराठी कागद वाचून त्यावर अर्ज लिहू शकणारे घरात बहुतेक वेळा तुम्हीच असता. म्हणून हे तुम्हाला सांगतोय.

परभणी आपल्यापासून लांब नाही. तिथल्या दोन तरुणांची गोष्ट ऐका.

ख्वाजा युनूस. वय २७, सॉफ्टवेअर इंजिनिअर. घाटकोपर बॉम्बस्फोटाच्या तपासात डिसेंबर २००२ मध्ये त्याला पकडलं. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी सांगितलं की औरंगाबादकडे नेताना गाडीला अपघात झाला आणि तो पळून गेला. घरचे उच्च न्यायालयात गेले. सीआयडीच्या चौकशीत अपघाताची गोष्ट बनावट निघाली, पोलिसांवर गुन्हा दाखल झाला. स्फोटाच्या खटल्यातले त्याचे सहआरोपी २००५ मध्ये निर्दोष सुटले. युनूसचा मृतदेह मात्र कधीच मिळाला नाही. त्याची आई आसिया बेगम वर्षानुवर्षं लढत राहिली आणि खटला वीस वर्षं उलटून गेली तरी रेंगाळत राहिला.

दुसरा सोमनाथ सूर्यवंशी. कायद्याचा विद्यार्थी. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, बंदला हिंसक वळण लागलं, धरपकड झाली, त्यात तो सापडला. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत त्याचा मृत्यू झाला. शवविच्छेदन आपल्याच शहरात, घाटी रुग्णालयात झालं. अंगावरच्या अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याने मृत्यू, असं डॉक्टरांनी लिहिलं. आई विजयाबाई आपल्या खंडपीठात आल्या. ४ जुलै २०२५ रोजी खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथेही ३० जुलैला तो आदेश कायम राहिला.

एक मुसलमान आई, एक दलित आई. दोघींचं दुःख सारखंच. पण विजयाबाईंच्या हातात डॉक्टरांचा कागद होता आणि त्या कागदावर खंडपीठात काही महिन्यांत आदेश मिळाला. आसिया बेगमच्या हातात मुलाचा मृतदेहसुद्धा नव्हता. माणूस कोठडीत असताना त्याची वेळ, त्याची जागा आणि त्याच्या अंगाची अवस्था कागदावर येणं, हे त्याचं सर्वांत मोठं संरक्षण आहे. पहिल्या चोवीस तासांत आपलं काम तेवढंच : कागद तयार करून घेणं.

आता ते कसं, ते बघू.

“साहेबांनी बोलावलंय, पाच मिनिटांत सोडतो.” हे वाक्य वस्तीत सगळ्यांनी ऐकलंय. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्यात ‘पाच मिनिटं’ नावाचं कलम नाही. संशयिताला बोलवायचं तर कलम ३५ ची लेखी नोटीस द्यावी लागते, नाहीतर रीतसर अटक दाखवावी लागते. अशी नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलंय. पण लेखी नोटीस हातात आली तर जायचंच. गेलं नाही तर तेच अटकेचं कारण होतं.

अटक झाली तर अटक पंचनामा झाला पाहिजे. त्यावर तारीख आणि वेळ हवी, घरच्या माणसाची किंवा मोहल्ल्यातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही हवी. सही करताना वेळ आधी वाचा. पहाटे चारला नेलेल्या माणसाची अटक संध्याकाळी सहाची दाखवली, तर मधले चौदा तास तो कुठेच नव्हता असा त्याचा अर्थ होतो. कोऱ्या कागदावर सही कधीच नाही.

अटकेची कारणं लेखी हवीत, आणि त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत. हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात स्पष्ट केलं. तुमच्या अब्बांना फक्त उर्दू वाचता येत असेल, तर मराठी कागद पुढे सरकवून भागत नाही.

कुठे ठेवलंय ते सांगत नसतील तर वाद घालू नका, आवाज चढवू नका, व्हिडिओ काढायच्या फंदात पडू नका. साधा अर्ज लिहा : अमक्याला अमुक वाजता अमुक ठिकाणाहून नेलं, तो कुठे आहे ते कळवावं. दोन प्रती करा, एकीवर शिक्का आणि पोच घ्या. अर्ज घेत नसतील तर तोच मजकूर पोलीस आयुक्तालयाला ईमेल करा. ईमेलवर वेळ आपोआप पडते.

अटकेनंतर वैद्यकीय तपासणी बंधनकारक आहे आणि तिच्या अहवालाची प्रत अटक झालेल्याला किंवा त्याने सांगितलेल्या माणसाला मिळते. ती मागा. चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावंच लागतं. संविधानाच्या अनुच्छेद २२ मध्येच ते लिहिलंय. मारहाण झाली असेल तर ती तिथे, तोंडाने, स्पष्ट सांगायची. पोलीस शेजारी उभे असतात, भीती वाटते, हे मला माहीत आहे. म्हणून त्या वेळी कोर्टात वकील हवा.

वकिलाला पैसे नाहीत? कोठडीत असलेल्या प्रत्येकाला मोफत वकील मिळतो. त्याला उत्पन्नाची अट नाही. स्त्रियांना आणि मुलांनाही नाही. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, हेल्पलाइन १५१०० आहे. जमीन विकण्याआधी, व्याजाने पैसे काढण्याआधी तिथे जा.

मुलगा अठराच्या आतला असेल तर त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, बाल न्याय मंडळापुढेच न्यावं लागतं. वयासाठी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र आधी धरतात. ते नसेल तर महापालिकेचा जन्मदाखला. आधारवर विसंबू नका. हे कागद आज रात्री घरी शोधून एका फाइलमध्ये ठेवा.

मुलींनो, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अपवाद केला तर महिला अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, दोन्ही लागतात. साक्षीदार म्हणून जबाब घ्यायचा असेल तर पोलिसांनी तुमच्या घरी यायचं असतं.

कुणी विचारेल, “गुन्हेगारालाही हे सगळं द्यायचं का?” हो. गुन्हा झाला की नाही हे कोर्ट ठरवतं आणि त्याला वेळ लागतो. अटकेच्या रात्री कुणालाच ते ठाऊक नसतं. ज्याने खरंच दगड मारला, त्याला शिक्षा व्हावी, पण कायद्याने. आणि जो नुसता गल्लीतून चालला होता, त्याला त्या रात्री वाचवणारा कायदाही हाच आहे. तो फक्त आपल्यासाठी नाही. शेजारच्या वस्तीतल्या मुलाला उचललं तर तिथेही हाच अर्ज लिहून द्यायला जा, तो कुठल्याही धर्माचा, जातीचा असो.

आज जाताना प्रत्येकाने मोबाइलमध्ये तीन नंबर घालून ठेवा : १५१००, एका वकिलाचा, आणि पोलीस नियंत्रण कक्षाचा. मग हेच तीन नंबर कागदावर लिहून अम्मीला द्या. तुम्हाला नेलं, तर तुमचा मोबाइल तुमच्याजवळ राहणार नाही.